ओंडक्यांचा पूल

भारताचा नकाशा पाहा. अगदी वर हिमालयाची रांग दिसते. त्या रांगेत नेपाळ आणि भूतान हे दोन देश आहेत. त्या दोघांच्या मध्ये एक लहानसा तुकडा आहे. त्यावर अंगठा ठेवला तर तो झाकून जाईल. तोच सिक्कीम. त्याच्या उत्तरेला तिबेट, म्हणजे चीनची हद्द. दक्षिणेला पश्चिम बंगाल. १९७५ साली सिक्कीम भारताचे एक राज्य झाले. गंगटोक ही त्याची राजधानी. जगातले तिसऱ्या नंबरचे उंच शिखर कांचनगंगा, तेही तिथेच, नेपाळच्या हद्दीवर आहे. त्याची उंची ८५८६ मीटर.

सिक्कीममध्ये सपाट जमीन फार थोडी. डोंगर, दरी, पुन्हा डोंगर. दरीदरीतून ओढा वाहतो. हे ओढे शेवटी तिस्ता नदीला मिळतात.

आपल्याकडचा ओढा कसा असतो? पावसाळ्यात दुथडी भरतो. दिवाळीनंतर आटत जातो. चैत्रात कोरडा पडतो. तिथे सारे निराळे. उन्हाळा लागला की डोंगरावरचा बर्फ वितळतो आणि ओढ्याला पाणी चढते. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, आणि ओढा मात्र भरून चाललेला! सकाळी पाणी थोडे कमी असते. ऊन तापले की दुपारी वाढते. मे महिन्यात वरून पावसाच्या सरीही पडतात. मग तर बघायलाच नको.

या मुलखातल्या पाण्याचा जोर केवढा असतो, ते ४ ऑक्टोबर २०२३ रोजी साऱ्या देशाने पाहिले. उंचावर साऊथ ल्होनाक नावाचे बर्फाच्या पाण्याचे तळे आहे. ते फुटले. त्याचा लोंढा तिस्तेच्या खोऱ्यात आला आणि त्याने चुंगथांग गावाजवळचे मोठे धरण वाहून नेले. घरे गेली, पूल गेले, माणसे गेली. त्यांत आपले जवानही होते.

अशा जागी आपल्या सैन्याला बारा महिने राहावे लागते, कारण पलीकडे देशाची हद्द आहे. रस्ता आहे तिथवर गाडी जाते. पुढे पायवाट. पायवाटेत ओढा आडवा आला की ओंडक्यांचा पूल. झाडांचे दोन-चार सोट या काठावरून त्या काठावर टाकलेले असतात. कोकणातल्या मंडळींना हे सांगायला नको. त्यांच्याकडे अशा पुलाला साकव म्हणतात. पुष्कळदा त्याला कठडा नसतो. खालून पाण्याचे तुषार उडतात आणि लाकूड कायम ओले राहते. ओल्या लाकडावर शेवाळ धरते. आपण अशा साकवावरून डोक्यावर भारा घेऊन जातो. जवानाच्या पाठीवर बोजा असतो, अंगावर बंदूक असते, पायांत जड बूट असतात. पाय सरकला तर सावरणे सोपे नाही.

आता त्या दिवशी काय झाले ते वाचा.

२२ मे २०२५. उत्तर सिक्कीममध्ये जवानांची एक तुकडी निघाली होती. तुकडीचे काम होते वाट मोकळी करण्याचे. पुढे डोंगरात सैन्याचे एक ठाणे तयार होत होते. तिकडे माणसे जायची होती, शिधा जायचा होता, सामान जायचे होते. अशा वेळी आधी एक तुकडी पुढे जाते आणि वाट पाहून घेते. कुठे दरड कोसळली आहे का? पूल शाबूत आहे का? काही धोका आहे का? अंधाऱ्या रात्री बैलगाडीपुढे कंदील घेऊन एक माणूस चालतो ना, तसेच हे काम. त्या माणसाचा पाय आधी खड्ड्यात जातो, म्हणून गाडी वाचते.

या तुकडीचे प्रमुख होते लेफ्टनंट शशांक तिवारी.

वय २३ वर्षे. राहणार अयोध्या, उत्तर प्रदेश. शाळा संपल्यावर त्यांची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी निवड झाली. ही प्रबोधिनी आपल्या पुण्याजवळ, खडकवासल्याला आहे. पायदळ, नौदल आणि विमानदल या तिन्ही दलांचे होणारे अधिकारी तिथे शिकतात. डिसेंबर २०२४ मध्ये तिवारी लष्करात अधिकारी झाले. लेफ्टनंट हा अधिकाऱ्याचा पहिला हुद्दा. त्यांची पलटण होती सिक्कीम स्काउट्स. ती २०१३ साली उभी राहिली. सिक्कीमच्या हद्दीची राखण सिक्कीमच्याच माणसांनी करावी, म्हणून ही पलटण काढली. त्या माणसांना डोंगर पाठ. त्यांचा हा अधिकारी मात्र गंगेच्या सपाट मैदानातून आलेला. त्याच्या नोकरीला अजून सहा महिनेही झाले नव्हते. लावलेला ऊससुद्धा सहा महिन्यांत तोडणीला येत नाही.

सकाळचे अकरा वाजले होते. तुकडी ओंडक्यांच्या पुलावरून ओढा ओलांडत होती. तुकडीत एक अग्निवीर होता. २०२२ साली सरकारने एक योजना सुरू केली. त्या योजनेतून जे तरुण चार वर्षांसाठी सैन्यात येतात, त्यांना अग्निवीर म्हणतात. पुलावर या अग्निवीराचा पाय सटकला. तो खाली ओढ्यात पडला. पाण्याने त्याला ओढून नेले.

तिवारींनी ते पाहिले आणि पाण्यात उडी घेतली.

त्यांच्या मागोमाग नाईक पुकार कटेल यांनीही उडी घेतली. नाईक हा हुद्दा हवालदाराच्या खालचा. कटेल यांचे नाव लक्षात ठेवा. पुढे त्यांच्याबद्दल आणखी थोडे सांगायचे आहे.

दोघे त्या बुडणाऱ्या अग्निवीरापर्यंत पोचले. दोघांनी मिळून त्याला वाचवले. पण तोवर पाण्याच्या ओढीने तिवारींना धरले. ते वाहून गेले. साथीदारांनी धावाधाव केली, शोध केला. साडेअकरा वाजता, ८०० मीटर खाली, तिवारींचा देह सापडला.

अकरा ते साडेअकरा. अर्धा तास. तेवढ्यात एका आईचा मुलगा परत मिळाला आणि दुसऱ्या आईचा मुलगा गेला. तिवारींचा देह अयोध्येला नेला. तिथे लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. मागे आईवडील आहेत, बहीण आहे.

पाण्याचे वजन

पुष्कळांना वाटेल, सैन्यातला तरणाबांड गडी, कसलेला, तो ओढ्यात कसा वाहून गेला? समुद्र नव्हे, मोठी नदी नव्हे, ओढाच तो. हा प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर समजून घेतले पाहिजे, कारण ओढा आपल्या गावालाही आहे.

तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल असा एक हौद मनात आणा. असा हौद पुष्कळांच्या गोठ्याजवळ असतो. त्यात मावणाऱ्या पाण्याचे वजन किती? सुमारे साडेसात क्विंटल. म्हणजे पन्नास किलोची पंधरा पोती. तुम्ही वाहत्या ओढ्यात उभे राहता, तेव्हा असे हौदामागून हौद येऊन तुमच्या पायांवर आदळत असतात. ते थांबत नाहीत. तुम्ही दमता, पाणी दमत नाही.

आणखी एक गोष्ट. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा दुप्पट होत नाही. चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर रेटा नऊपट. म्हणून काल ज्या ओढ्यातून तुम्ही सहज आलात, तोच ओढा आज पाणी थोडे चढले की तुम्हाला उचलून नेतो. वेगाचे पाणी वीतभरच असले तरी मोठ्या माणसाचा पाय उचलते. दोन फूट पाणी जीपगाडी वाहून नेते. फरशीवरून पाणी जात असताना ‘एवढंसं तर पाणी हाय, जाऊ दे गाडी’ असे म्हणणाऱ्या ड्रायव्हरला हे कोणी तरी वाचून दाखवावे.

हिमालयातल्या पाण्यात आणखी एक वैरी असतो, तो म्हणजे गारठा. बर्फाच्या पाण्यात माणूस एकदम पडला की त्याला आपोआप हुंदका दिल्यासारखा मोठा श्वास येतो. तो श्वास आवरता येत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच छातीत जाते. त्यातून वाचला तरी थोड्याच मिनिटांत हातापायांतली शक्ती जाते. बोटे वळत नाहीत. दोर हाताशी आला तरी धरवत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथे लाकडासारखा होतो. शिवाय ओढ्याच्या तळाशी दगडधोंडे असतात. त्यांत पाय अडकतो, डोके आपटते. आणि बुडणाऱ्याला धरायचे तर हात गुंततात. मग पोहायचे कशाने?

‘ते तर साहेब होते’

ही हकिगत ऐकल्यावर कोणी म्हणेल, ‘अहो, ते साहेब होते. साहेबानं हुकूम द्यावा. उडी शिपायानं घ्यावी.’

आपल्या गावात, कचेरीत, कारखान्यात पुष्कळदा असेच चालते. जोखमीचे काम खालच्या माणसाला. गटार उपसायला कोण उतरतो? विजेच्या खांबावर कोण चढतो? वरचा माणूस खाली उभा राहून बोट दाखवतो. आपल्याला त्याची सवय झाली आहे, म्हणून साहेबाने उडी घेतली हे ऐकून नवल वाटते.

सैन्यात मात्र अधिकाऱ्याला पहिल्या दिवसापासून निराळे शिकवतात. डेहराडूनला लष्करी अधिकारी तयार करणारी प्रबोधिनी आहे. ती १९३२ साली सुरू झाली. तेव्हाचे सरसेनापती चेटवुड यांनी त्या वेळी भाषण केले. त्या भाषणातला उपदेश तिथल्या सभागृहात लिहून ठेवलेला आहे. त्याचा मतलब असा, की आधी देश, मग तुझ्या हाताखालची माणसे, आणि तू स्वतः सगळ्यांच्या शेवटी. आणि हे नेहमीच, प्रत्येक वेळी.

भिंतीवर लिहिलेले सगळे वाचतात. परीक्षेतही लिहितात. पण पूल ओला आहे, खाली पाणी घोंगावते आहे आणि आपला माणूस पाण्यात पडला आहे, तेव्हा ते आठवायला वेळ नसतो. तेव्हा माणसाच्या अंगी जे मुरले असेल तेच बाहेर येते. सहा महिन्यांच्या नोकरीत ते तिवारींच्या अंगी मुरलेले होते.

दुसरा कोणी म्हणेल, ‘एक वाचला अन् एक गेला. मग हिशेब सारखाच झाला की! मिळवलं काय?’

हा हिशेब आम्हाला पटत नाही. उडी घेताना ‘तो की मी’ असा सौदा त्यांच्यापुढे नव्हता. पुढे एक बुडणारा माणूस होता. त्याच्या घरच्यांनी तो सरकारच्या हवाली केलेला, आणि सरकारने तो या अधिकाऱ्याच्या हवाली केलेला. दोघेही जिवंत बाहेर येतील, या आशेनेच माणूस उडी घेतो. आणि असे पाहा, त्या तुकडीतल्या बाकीच्या जवानांना दुसऱ्या दिवशी पुन्हा ओंडक्यांचे पूल ओलांडायचेच होते. आपला पाय घसरला तर आपल्याला टाकून कोणी पुढे जाणार नाही, हे ज्या जवानाला ठाऊक आहे, त्याचा पाय पुलावर घट्ट पडतो. अशा भरवशावरच पलटण चालते. पगारावर एवढे होत नाही.

शांततेतले शौर्य

१४ ऑगस्ट २०२५ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, सरकारने शौर्याची पदके जाहीर केली. त्यांत लेफ्टनंट शशांक तिवारी यांना मरणोत्तर कीर्तिचक्र जाहीर झाले. मरणोत्तर म्हणजे मरणानंतर दिलेले.

परमवीरचक्र हे नाव तुम्ही ऐकले असेल. ते लढाईत, शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी असते. पण शत्रू समोर नसतानाही माणूस जिवावर उदार होतो. त्याचे काय? त्यासाठी १९५२ साली निराळी पदके सुरू झाली. पहिल्याने त्यांना अशोकचक्र वर्ग एक, वर्ग दोन, वर्ग तीन असे म्हणत. १९६७ साली नावे बदलली. आता अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र अशी नावे आहेत. कीर्तिचक्र त्यांतले दुसरे. ते चांदीचे आणि गोल असते. त्याची फीत हिरवी, आणि फितीवर नारिंगी रंगाच्या दोन उभ्या रेघा असतात. ही तिन्ही पदके साध्या नागरिकांनाही मिळू शकतात.

बुडणाऱ्याला, आगीत सापडलेल्याला, दरडीखाली किंवा खाणीत अडकलेल्याला वाचवणाऱ्यांसाठी आणखी एक पदक आहे. त्याचे नाव जीवनरक्षा पदक. १९६१ साली ते सुरू झाले. त्याच्याही तीन पायऱ्या आहेत. बाई असो, पुरुष असो, शाळेतले पोर असो, ते कोणालाही मिळू शकते. तुमच्या गावात कोणी असे काम केले असेल तर त्याची लेखी हकिगत जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत द्यावी. आता तुम्हाला लिहिता येते. तुम्हीच लिहा.

आपल्या विहिरीवर

आता नाईक कटेल यांच्याकडे वळू. तिवारींनी उडी घेतली, तेव्हा दुसरा माणूस लगेच त्यांच्या मागे गेला. बुडणाऱ्याला वाचवायला दोघे होते, म्हणून तो अग्निवीर वाचला असे म्हणायला हरकत नाही. ते सैन्यातले गडी होते. शरीर कमावलेले, एकमेकांबरोबर काम करायची सवय झालेली. आणि तरीही पाण्याने एकाला नेलेच.

मग आपण काय करावे? आपल्याकडे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. पोर विहिरीत पडते. आई मागचा पुढचा विचार न करता उडी घेते. तिला पोहता येत नाही. तिच्या मागे दीर उडी घेतो. तिची मिठी त्याच्या गळ्याला पडते. बुडणारा माणूस हाताला येईल ते घट्ट धरतो आणि त्याच्यावर चढू पाहतो. त्यात त्याचा दोष नाही. बुडताना कोणीही असेच करील. पण मग एका पोरापायी घरातली तीन माणसे जातात. अशा बातम्या दर साल वर्तमानपत्रात येतात. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र तर उघडायला नको वाटते. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतली मुले होती.

आईला ‘उडी घेऊ नको’ असे सांगून ती थांबणार आहे का? नाही. म्हणून उडी घ्यायची पाळी येऊ नये अशी सोय आधीच करून ठेवावी लागते. विहिरीच्या काठाला एक जाड दोर कायमचा बांधून ठेवावा. गुरे बांधायला म्हणून तो कोणी नेऊ नये. दोराच्या टोकाला बूच घट्ट लावलेला रिकामा तेलाचा डबा बांधला तर फारच चांगले. असा डबा माणसाला पाण्यावर धरून ठेवतो. आपली पोरे पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून पोहायला शिकतात, तेच हे. फुगवलेली ट्यूबही चालते. लांब बांबू हाताशी असावा. काहीच नसेल तर धोतर, लुगडे, फेटा फेकावा. काठावर पालथे पडून टोक द्यावे. उभे राहून दिले तर बुडणारा आपल्यालाच आत ओढतो. दुसऱ्याने आपले पाय धरून ठेवावे.

वाहत्या पाण्यात माणूस वाहत चालला असेल तर त्याच्या मागे धावून उपयोग नाही. काठाने त्याच्या पुढे धावावे आणि खालच्या अंगाला जाऊन दोर टाकावा.

ज्याला चांगले पोहता येते आणि बुडणाऱ्याला कसे धरायचे हे माहीत आहे, त्यानेच पाण्यात जावे. त्यानेही तरंगणारी काही वस्तू घेऊन जावे, आणि कमरेला दोर बांधून त्याचे टोक काठावरच्या दोघातिघांच्या हातात द्यावे. वाहत्या पाण्यात मात्र कमरेला दोर बांधू नये. दोर ताणला की पाणी त्या माणसालाच खाली दाबते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बुडणारा माणूस पुष्कळदा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली जात असते, श्वास घ्यायलाच सवड नसते, तर हाक कुठून मारणार? म्हणून पोरे पाण्यात असताना आवाजावर भरवसा ठेवू नका. कान नको, डोळे तिकडे ठेवा.

माणूस बाहेर काढल्यावर आपल्याकडे त्याला उलटे टांगतात, घागरीवर पालथा घालतात, गरगर फिरवतात. पोटातले पाणी काढायचे म्हणून हे करतात. हे करू नका. पोटातल्या पाण्याने माणूस मरत नाही, हवा न मिळाल्याने मरतो. चार-सहा मिनिटे हवा मिळाली नाही तर मेंदू बिघडू लागतो. तो वेळ फिरवण्यात जातो. त्याला उताणे सपाट निजवावे. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे आणि ऊब द्यावी. श्वास नसेल तर हनुवटी वर करून नाक चिमटीत धरावे आणि त्याच्या तोंडावर तोंड ठेवून दोनदा फुंकावे. छाती वर येते की नाही ते पाहावे. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून तीस वेळा जोराने आणि भराभर दाबावे. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. दवाखान्याची गाडी येईपर्यंत हे सोडू नये. महाराष्ट्रात या गाडीसाठी १०८ हा नंबर फिरवावा. नुसते वाचून हे नीट येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना वर्गात बोलवा आणि करून दाखवायला सांगा.

वर्गात बोलण्यासाठी

सिक्कीमच्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी का चढते? तुमच्या गावच्या ओढ्याला कोणत्या महिन्यात चढते?

पाण्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा किती पट होतो?

अधिकाऱ्याने उडी घ्यावी की हुकूम द्यावा? वर्गातल्या दोघांनी दोन बाजू मांडाव्या. बाकीच्यांनी ऐकावे आणि मग आपले मत सांगावे.

‘कीर्तिचक्र’, ‘मरणोत्तर’ आणि ‘अग्निवीर’ हे शब्द पाटीवर लिहा.

तुमच्या गावात पाण्याच्या जागा किती आहेत? विहिरी, तळी, ओढ्यातले डोह, नदीचे घाट, सगळ्यांची नावे लिहा. कोणत्या जागी दोर बांधलेला आहे? जिथे नाही, त्या नावापुढे फुली करा. ही यादी ग्रामपंचायतीत कोण नेऊन देणार, ते आजच ठरवा.